गॅसवर फक्त पास्ता, चव वाफ्यातली

इकडे उन्हाळ्यात रात्री नऊलाही चांगला उजेड असतो, आणि तापलेल्या स्वयंपाकघरात तासभर सॉस आटवत उभं राहणं नकोसं होतं. म्हणून या दिवसांतला पास्ता कच्च्या टोमॅटोचा. सगळं मिळून अर्धा तास लागतो. मात्र कोणता पाला कधी टाकायचा, ते नीट कळायला हवं.

दोघांसाठी 200 ग्रॅम स्पगेटी आणि 400 ग्रॅम पूर्ण पिकलेले टोमॅटो घ्या. टोमॅटो कडक किंवा आंबट असतील तर हा बेत त्या दिवशी करूच नका, कारण इथे चव सुधारायला फोडणी नाही की आच नाही. फोडी करून मोठ्या वाडग्यात घाला, त्यावर पाऊण छोटा चमचा मीठ आणि ठेचलेली लसणाची एक पाकळी. वीस मिनिटं तसंच ठेवा. मिठाने सुटलेलं पाणी हाच आपला सॉस. लसूण नंतर काढून टाका, वास तेवढा मागे राहतो.

आता हर्ब्ज, म्हणजे सुवासिक पाला. त्यांच्या दोन जाती समजा. रोझमेरी, थाइम, सेज यांची पानं चिवट आणि तेलकट. त्यांचा वास तेलात, मंद आचेवर उतरतो. तीन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइलमध्ये थाइमच्या दोन काड्या दोन मिनिटं कोमट होऊ द्या. बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. पानं तपकिरी झाली तर तेल कडवट लागतं. काड्या काढून हे तेल टोमॅटोवर ओता. बेसिल, पार्सली, चाइव्हज ही कोवळी मंडळी. त्यांचा सुगंध उष्णतेने उडून जातो, म्हणून ती अगदी शेवटी.

बेसिल सगळ्यात नाजूक. खुडताना खालची मोठी पानं ओरबाडू नका. शेंड्याकडून, पानांच्या जोडीच्या किंचित वर कात्री लावा. त्या पेरातून दोन नवे फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं. फुलोरा दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर पानं कमी आणि उग्र होतात. खुडलेल्या काड्या पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवा, फ्रीजमध्ये पानं काळी पडतात. बोथट सुरीनेही तेच होतं: पान चिरडतं आणि पेशींतले एन्झाइम हवेशी मिळून काळे डाग आणतात. धुतलेली पानं फडक्यावर कोरडी करा आणि हातानेच तोडा. दोघांना पंधरा-वीस पानं लागतात. कंजूषी नको, हा पदार्थ त्यांचाच आहे.

पास्त्याला दोन लिटर पाणी, खळखळ उकळल्यावर 20 ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही, त्याने पास्त्याला सॉस धरत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक दोरी तोडून पाहा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की काढायची वेळ झाली. ठिपका नाहीसा होईपर्यंत थांबलात तर वाडग्यात ढवळताना गिचका होतो.

निथळायच्या आधी कपभर पाणी बाजूला काढून ठेवा. त्यात स्टार्च असतो, आणि तो तेल-पाण्याला एकजीव धरून ठेवतो. पास्ता धुवू नका. गरम असतानाच टोमॅटोवर टाका, तीन-चार चमचे ते पाणी घाला आणि चिमट्याने मिनिटभर जोरात घोळवा. तळाला साचलेला पातळ रस दुधट होऊन दोऱ्यांना चिकटतो, तोवर हात थांबवायचा नाही.

मग 40 ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज, थोडं थोडं करून. वाडगा गॅसवर नसल्याने त्याचे गोळे होत नाहीत. सगळ्यात शेवटी बेसिल आणि मूठभर चिरलेली पार्सली, दोनदा हलवलं की पुरे. ताटात वाढेपर्यंत सुका वाटला तर राखून ठेवलेल्या पाण्याचा एक चमचा घाला, तेल नाही.