अजून लावालेत का वाजवालेत?

परवा दुपारी पायजम्याची नाडी आत गेली, आणि नाडी ओवायला घरात एक सेफ्टी पिन नाही. लहानपणी आमच्याकडे पिन शोधायची वेळच यायची नाही, आईच्या बांगडीला चार-पाच कायम लटकलेल्या असायच्या, बटण तुटलं की ती बांगडीतून एक काढून द्यायची आणि संध्याकाळी न विसरता परत मागायची. आता सगळे ड्रॉवर उपसले तर मेलेल्या मोबाईलचे चार्जर निघाले, पिन नाही. शेवटी सापडली ती भाचीच्या टीशर्टवर, तीपण छापलेली. इंग्लंडच्या राणीचा फोटो आणि तिच्या ओठातून आरपार पिन. म्हटलं अगं, हे काय घातलंयस माहितेय का? तर म्हणे, मामा सेलमध्ये होता.

आता हिला काय सांगू. जेमी रीड नावाच्या माणसाने सेक्स पिस्टल्स ह्या पंक बँडसाठी (पंक म्हणजे चिडलेल्या पोरांचं धसमुसळं रॉक) केलेलं ते चित्र, १९७७ चं, राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून अख्खा देश पताका लावत होता तेव्हाचं. बीबीसीने त्यांचं 'गॉड सेव्ह द क्वीन' हे गाणं वाजवायला नकार दिला तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, मग ७ जूनला ह्यांनी थेम्स नदीत बोट भाड्याने घेऊन तिच्यावर वाजवलं, बोटीचं नाव क्वीन एलिझाबेथ, आणि बोट धक्क्याला लागल्यावर पोलिसांनी धरपकड केली. हे ऐकून भाची म्हणाली, कूल. आणि परत फोनमध्ये.

पण खरं सांगायचं तर मी काही राणीच्या वाटेने पंकपर्यंत पोचलो नाही. मी पोचलो फिलिप्सच्या ट्रान्झिस्टरवरून, मिरजेत, ८५-८६ साली, म्हणजे इंग्लंडात सगळं आटपून गेल्यावर. रात्री अण्णा झोपले की ट्रान्झिस्टर गादीत घेऊन शॉर्टवेव्हचा काटा फिरवत बसायचं हा माझा उद्योग. मधे मॉस्को लागायचं, मधे कुठलंतरी अरबी, आणि मग बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर एक दमलेला, कंटाळल्यासारखा बोलणारा माणूस, जॉन पील. हा बाबा कधीकधी रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर लावायचा आणि शांतपणे सॉरी म्हणायचा. ऑल इंडिया रेडिओवाले असं काही करतील हे स्वप्नातसुद्धा शक्य नव्हतं, त्यामुळे माणूस पहिल्या रात्रीच आवडला.

आणि त्याने काय लावलं, तर नुसता गोंगाट. शॉर्टवेव्हची खरखर कुठे संपते आणि गिटार कुठे सुरू होते हे ज्याने तसं ऐकलंय त्यालाच कळेल. शब्दांचं तर विचारूच नका. तर्खडकर वाचून आलेलं इंग्रजी तिथे काय कामाचं? ह्या लोकांना राग आलाय एवढं कळायचं, कुणाचा ते नाही. मला आनंद व्हायचा तो गाणं अडीच मिनिटांत संपण्याचा. मिरजेत वाढलेल्या माणसाला ह्याची किंमत विचारा! खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथलेच, दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी गाणं होतं, आणि मी सातवी-आठवीत असताना अण्णा मला पहाटेपर्यंत तिथे बसवायचे. एकेक स्वर घेऊन माणूस किती वेळ बसतो. आज मी ते पैसे देऊन ऐकतो ती गोष्ट वेगळी.

आमच्या शेजारी सतारमेकर काका राहायचे, तंबोऱ्याचे. अंगणात भोपळे वाळत पडलेले, दिवसभर तारा लावणं चालू. एकदा त्यांनी माझा आवाज ऐकला, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, खिडकीशी येऊन दोन मिनिटं उभे राहिले, एकदम गंभीर चेहरा, आणि म्हणाले, "बाळ, हे अजून लावालेत का वाजवालेत?" मी म्हटलं वाजवतायत काका. तर मान हलवून म्हणाले, जवारी लई उघडी ठेवलीया. आणि गेले. (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा घासून केलेला उतार, ज्यावर तार झणझणते.) पुढे मी पंकवर इंग्रजीतून बरंच वाचलं पण त्या गिटारच्या आवाजाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही.

काकांकडे शिकायला येणाऱ्या पोरांना जवारीला हात लावायची परवानगी मिळायलाच वर्षं जायची. आणि इकडे मँचेस्टरचे बझकॉक्स, ह्यांच्या एका गाण्यात गिटारचा जो सोलो आहे तो दोन सुरांचा. दोन! तेच दोन सूर परत परत परत, की ऐकणाऱ्याला वाटावं रेकॉर्ड अडकली. ह्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच रेकॉर्ड काढली, पहिल्या फक्त १००० प्रती, कुठली कंपनी नाही काही नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं पण ऐकताना काहीतरी कळत होतं की ह्या पोरांनी कुणाला विचारलेलं नाही.

मित्रांना ह्यात रस शून्य. फक्त श्यामला होता, कारण मी त्याला सांगितलं की शाम सिक्स्टीनाइन नावाचा बँड आहे. तो महिनाभर कॉलर वर करून फिरला. (ते नाव भिंतीवरच्या पुसट अक्षरांवरून घेतलेलं, वॉल्टन अँड हर्शम ह्या फुटबॉल क्लबच्या १९६९ च्या कौतुकातलं शिल्लक राहिलेलं शेपूट. श्यामला हे मी कधी सांगितलं नाही, अजूनही नाही.)

मग कॅसेट आली. आत्येभाऊ बोटीवर होता, सुट्टीला आला की चॉकलेटं आणि सेंट आणायचा, त्या वर्षी माझ्यासाठी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली, द क्लॅशची लंडन कॉलिंग. दोन रेकॉर्डींचा अल्बम, १९ गाणी, डिसेंबर १९७९ मध्ये बँडने हट्ट करून एका रेकॉर्डच्या भावात विकायला लावलेला. सगळं मिळून पासष्ट मिनिटं, म्हणजे दुसऱ्या बाजूला जागा उरते, आणि जागा वाया घालवणं आमच्या घराण्यात नाही म्हणून दादाने पुढे किशोर कुमार भरला होता. आजही शेवटचं गाणं संपलं, जे मूळ कव्हरवर छापायचंच राहून गेलं होतं, की माझा कान किशोरची वाट बघतो आणि आला नाही की अल्बम अर्धवट वाटतो.

पहिल्या गाण्याने तर मी उडालोच. लंडन कॉलिंग ही बीबीसीची युद्धाच्या काळातली हाक, म्हणजे ज्या रेडिओवर मी हे सगळं ऐकत आलो त्याच रेडिओची. आणि गाणं विरताना शेवटी गिटारवर मोर्स कोडसारखं टिकटिक वाजतं, एसओएस. शॉर्टवेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे ते कायमच असायचं, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. गाण्यात थेम्सला पूर येऊन शहर बुडण्याची भीती आहे, गाणारा जो स्ट्रमर नदीकाठचा. कृष्णाकाठच्या माणसाने हे गाणं २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर मजेत ऐकणं जरा अवघडच, असो.

आता भाचीच्या टीशर्टकडे बघून राग यावा की नाही हे मला ठरवता येत नाही. मला कुठे माहीत होतं सगळं? ती पंकवाली गोरी पोरं, केस उभे केलेली, त्यांच्यातल्या काहींनी नुसतं लोकांना डिवचायला म्हणून नाझींचं स्वस्तिक मिरवलं होतं, आणि शाम सिक्स्टीनाइनच्या कार्यक्रमांना नॅशनल फ्रंट ह्या वंशद्वेष्ट्या पक्षाची टकली पोरं गर्दी करायची, ज्यांनी माझ्यासारख्याला दारातच बडवला असता. मी मिरजेत गादीत होतो म्हणून सुरक्षित. दुसरी बाजूपण आहे, ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्ध जो मोठा कार्यक्रम झाला तिथे क्लॅश होते, एक्स-रे स्पेक्स बँडची पॉली स्टायरीन होती, जिचे वडील सोमाली, आणि शामवाला जिमी पर्सीसुद्धा येऊन क्लॅशबरोबर गायला.

एक तारीख मात्र डोक्यातून जात नाही. ४ जून १९७६, शुक्रवार. त्या रात्री मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजले, जेमतेम चाळीसेक लोक असतील, पण त्यातल्या पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी जाऊन बास विकत घेतला आणि पुढे जॉय डिव्हिजन हा बँड झाला. त्या रात्री तिथे कोण होतं कोण नव्हतं ह्यावर अजून वाद घालतात, पुस्तकं निघालीत. त्याच शुक्रवारी लंडनच्या साउथॉलमध्ये, भर वस्तीत, गुरदीप सिंग चग्गर नावाच्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. १८ वर्षांचा होता. पंकवरची मी घेतली तेवढी पुस्तकं परवा कपाटातून काढून बघितली, पहिली तारीख सगळ्यांत आहे, मुलाचं नाव एकात सापडलं.