दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या पंचवटीतल्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. आईने मुद्दाम ठेवलंय, उशीर होऊ नये म्हणून. घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात दहा वजा करतो आणि व्हायचा तो उशीर होतोच.

नेटवर्कच्या स्विचना, म्हणजे कॉम्प्युटर-कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या पेट्यांना, मात्र वजाबाकी येत नाही. अंबडच्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, सकाळी लॉग, म्हणजे कधी काय झालं याच्या नोंदी, उघडले. गोदामातला स्विच म्हणतो लिंक २:१० ला पडली, मेन स्विच म्हणतो २:०३ ला, आणि गेटजवळचा म्हणतो १ मार्च १९९३! त्याच्यात घड्याळाची बॅटरीच नाही. बिचारा दर वेळी त्याच दिवशी जागा होतो. कॅमेऱ्यात तर टेम्पो आधी बाहेर पडला, गेट नंतर उघडलं. वॉचमनकाका शपथेवर सांगत होते, "साहेब, मी उघडल्याशिवाय गेला कसा?"

मग एनटीपी लावलं, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांची घड्याळं जुळवण्याची पद्धत. मेन स्विचने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरकडून वेळ घ्यायची, बाकीच्यांनी मेन स्विचकडून. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारात, एनटीपीचा दरवाजा (यूडीपी पोर्ट १२३) उघडा ठेवायचा आणि टाइमझोन जागतिक वेळेच्या (यूटीसीच्या) साडेपाच तास पुढे, नाहीतर सकाळचे दहा लॉगमध्ये पहाटेचे साडेचार दिसतात. (तशी ही प्रमाणवेळ मिर्झापूरकडची. नाशकातला सूर्य तिच्यापेक्षा पस्तीसेक मिनिटं मागे चालतो, पण त्याला कोण कॉन्फिगर करणार?) कमांड देऊनही स्क्रीनवर बराच वेळ स्ट्रॅटम १६, म्हणजे अजून कुणाशीच जुळलेलं नाही. चहा पिऊन आलो, तेव्हा कुठे आकडा खाली आला.

मला आवडतो तो लिनक्स सर्व्हरवरच्या एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्वभाव. फरक १००० सेकंदांहून जास्त दिसला, तर तो सरळ काम सोडून देतो. काहीतरी भलतंच आहे, माणसाने बघावं. पण फरक १२८ मिलिसेकंदांच्या आतला असेल, तर काटा एकदम हलवत नाही. सेकंदाला फार तर अर्धी मिलिसेकंद, असं हळूहळू सरकवतो. दशांश सेकंद भरून काढायलाही निदान तीन मिनिटं.

हे सगळं माहीत असून त्या रविवारी मी काय करावं? स्टुलावर चढून घरचं घड्याळ एका झटक्यात बरोबर केलं. सोमवारी सगळ्यांनी सवयीने दहा वजा केले. धाकटीची रिक्षा निघून गेली, बाबांची बस चुकली. संध्याकाळी आईने न बोलता काटे पुन्हा दहा मिनिटं पुढे केले.

आता रोज रात्री एक मिनिट मागे घेतोय. चार झालीत. आईला अजून सांगितलेलं नाही.