आजींची काठी डाव्या हातात

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना मी गेली अठरा वर्षे मानवी हालचालींचे यंत्रशास्त्र शिकवते आहे. वर्गातल्या फळ्यावर काढलेला माणूस सपाट जमिनीवरून, एकट्याने आणि स्वतःच्या गतीने चालतो. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट माउलींच्या पालखीसोबत चालताना यांतली एकही गोष्ट वाट्याला येत नाही, हे मला आईच्या गावच्या दिंडीत सामील झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कळले. पुढे पताकावाले, मध्ये टाळकरी, मृदंगी आणि विणेकरी आणि त्यांच्या मागे आम्ही बायका, अशा त्या रांगेत जे माझ्या पायांना शिकायला मिळाले ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून पालखी सासवडकडे निघाली. हा वारीतला सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक. पण हडपसर येईपर्यंत आम्ही चालत कमी आणि थांबत जास्त होतो. दहा पावले टाकावीत, उभे राहावे, पुन्हा चार पावले सरकावीत, असे दोन-तीन तास झाल्यावर माझी कंबर भरून आली आणि पोटऱ्यांना गोळे येऊ लागले. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर झपाझप फिरणारी मी, इतक्या थोड्या अंतरात दमावे याचे मला आश्चर्य वाटले. शेजारून चालणाऱ्या आजींना मात्र ते मुळीच वाटले नाही. "चालून कुणी दमत न्हाई पोरी," त्या म्हणाल्या, "उभं ऱ्हाऊन दमतं माणूस."

आजींचे हे वाक्य म्हणजे चालण्याच्या यंत्रशास्त्राचा गाभा आहे. आपण पाऊल टेकतो तेव्हा तो पाय बऱ्यापैकी ताठ असतो आणि सगळे शरीर त्याच्यावरून कमानीसारखे वर चढून पुढे उतरते. कमानीच्या माथ्यावर शरीराचा गुरुत्वमध्य, जो साधारण ओटीपोटाच्या आत माकडहाडाच्या वर असतो, सर्वांत उंच असतो आणि वेग सर्वांत कमी असतो. पुढचा पाय टेकण्याच्या सुमारास गुरुत्वमध्य खाली येतो आणि वेग वाढलेला असतो. म्हणजे उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज होते आणि तीच पुढच्या पावलाला वर चढवते. घड्याळाचा लंबक उलटा करून जमिनीत रोवला तर जसा डुलेल, तसे हे आहे. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोव्हान्नी काव्हान्या यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बल मोजणाऱ्या पट्ट्यांवरून माणसे चालवून दाखवले, की योग्य वेगाला यातली जवळजवळ ६५ टक्के ऊर्जा अशी परत वापरली जाते. स्नायूंना फक्त उरलेली तूट भरून काढायची असते. हा योग्य वेग ताशी साडेचार ते पाच किलोमीटरच्या आसपास पडतो. त्यापेक्षा फार हळू चालले की लंबकाला झोका मिळत नाही. वर चढण्यासाठी लागणारा वेगच शिल्लक नसल्यामुळे प्रत्येक पाऊल स्नायूंनी नव्याने उचलावे लागते आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटू नये म्हणून लगेच आवरावेही लागते. उभे राहणे त्याहून वाईट, कारण पोटऱ्यांच्या आकुंचनाने वर ढकलले जाणारे रक्त पायांतच साठून राहते. गर्दीतले दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावरच्या पाचांना भारी पडतात ते यामुळे.

दिवेघाटात लंबकाचा उपयोग आणखी कमी होतो, कारण तिथे दर पावलागणिक शरीर प्रत्यक्ष उंच न्यावे लागते आणि ती उंची पुढच्या पावलाला परत मिळत नाही. घाट दिसला की छातीत धडधडते, म्हणून मी मनातल्या मनात हिशेब करत राहिले. साठ किलोच्या माणसाला शंभर मीटर उंच जायला जवळपास १४ किलोकॅलरी इतके यांत्रिक काम करावे लागते. स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात आणतात आणि उरलेल्याची उष्णता होते, तेव्हा खर्च ५६ किलोकॅलरींच्या घरात जातो. त्या दिवशी एकादशी होती आणि हडपसरला कुणीतरी हातावर ठेवलेल्या शेंगदाण्याच्या एका लहान लाडवात त्याहून जास्त ऊर्जा होती. घाट चढताना अंग आपसूक पुढे झुकते, गुरुत्वमध्य चवड्यांवर येतो आणि भार पोटऱ्यांवर आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंवर जातो. टाळकरी मात्र त्या चढावरही पावली खेळत होते. एका ठेक्यात पडणाऱ्या पावलांमुळे पुढच्या-मागच्याचे अंतर बदलत नाही, मधले धक्के आणि थांबे जातात, आणि लंबकाचा जो काही झोका उरलेला असतो तो मोडत नाही, असे मला तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसले. फळ्यावर मी ताल कधी काढला नव्हता.

सासवडलाही दोन रात्री मुक्काम असतो. त्या संध्याकाळी तळावर आजी माझ्या पुढून पाणी आणायला गेल्या आणि मागून त्यांची चाल पाहून मी थबकले. उजवा पाय टेकला की त्यांचे धड दर वेळी उजवीकडे कलत होते. काठी उजव्या हातात, कापडी पिशवी डाव्या खांद्यावर. खुबा दुखतो का म्हणून विचारले, तर "तीन वर्सं झाली" एवढेच उत्तर आले.

एका पायावर उभे राहिल्यावर खुब्याच्या सांध्यात काय होते, हे मी दरवर्षी तरफेचे चित्र काढून शिकवते. सांधा हा टेकू. शरीराचे वजन त्या टेकूच्या आतल्या बाजूला साधारण दहा सेंटीमीटरवर लोंबते आणि दुसऱ्या बाजूला कमरेच्या कडेचे स्नायू जेमतेम पाच सेंटीमीटरवरून ते तोलून धरतात. टेकूपासूनचे हे अंतर म्हणजे भुजा; भुजा निम्मी म्हणजे ओढ दुप्पट. वजन आणि स्नायूंची ओढ ही दोन्ही बले सांध्यावर खालच्या दिशेनेच येतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर साधे चालतानाही खुबा शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार झेलतो. पन्नास किलोच्या आजींच्या झिजलेल्या खुब्यावर प्रत्येक पावलाला सव्वाशे ते दीडशे किलो. धड उजवीकडे झुकवून त्यांचे शरीर वजनाची भुजा आखूड करत होते. तो कल म्हणजे कुणी न शिकवता शरीराने स्वतः काढलेला तोडगा होता, पण त्याची किंमत त्यांची पाठ मोजत होती.

काठी डाव्या हातात धरली, की तीच भुजा कामाला येते. डावा हात उजव्या खुब्यापासून बराच लांब असतो, त्यामुळे तिथून जमिनीवर दिलेला पाच-सहा किलोंचा दाबसुद्धा कमरेच्या स्नायूंची बरीच ओढ वाचवतो आणि सांध्यावरचा भार त्याच्या कितीतरी पटींनी कमी होतो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली तर ती टेकूच्या जवळ पडते आणि हा लाभ जवळजवळ बुडतो. पिशवीचे नेमके उलटे: डाव्या खांद्यावरचे ओझे उजव्या स्नायूंना जास्त ओढायला लावते, तेव्हा ती दुखऱ्या उजव्या बाजूलाच हवी. मी आजींना एवढेच म्हटले, की काठी डावीकडे घ्या, पिशवी उजवीकडे घ्या, आणि काठी व उजवा पाय एकदमच टाका.

"डाव्या हातात काठी धरून कुठं चालता येतं व्हय?" आजींनी विचारले. तळावरच्या दोन तंबूंमधल्या मोकळ्या जागेत आम्ही पंधरा-वीस फेऱ्या मारल्या. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत काठी आणि पाय एकमेकांत अडखळत होते. मग एका फेरीत त्यांचे खांदे समतल राहिले. आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, आणि वर्गातल्या कितीतरी तासांनी मला दिले नव्हते असे समाधान मला त्या वेळी मिळाले.

जेजुरीच्या पुढे तुळस माझ्या डोक्यावर आली. पितळी वृंदावन तीन-चार किलोंचे असेल, पण पहिल्या अर्ध्या तासात मान आखडली, कारण मी पायाखाली बघत चालत होते. मागच्या बाईने माझी चुंबळ सारखी केली आणि नजर लांब पताकेवर ठेवायला सांगितले. मान ताठ झाली, की डोके आणि ओझे मणक्यांच्या रेषेत येतात, मानेच्या मागच्या स्नायूंना धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही आणि वजन हाडांवरून सरळ खाली उतरते. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावरून नेताना जास्तीची ऊर्जा खर्च करत नाहीत, असे १९८६ साली मोजून सिद्ध झाले. त्यांच्या चालीत लंबकाचा झोका ओझ्याने सुधारतो, हे त्याचे कारण नंतर सापडले. तशी चाल लहानपणापासूनच्या सरावाने येते. माझ्या पुढे चालणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे वृंदावन मैलभर न हलता जात होते आणि माझ्या वृंदावनातली माती माझ्या कपाळावर सांडत होती.

चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले आणि नंतर फुगड्या रंगल्या. चवडे भिडवून, हात तिढ्याने धरून, दोघी इतक्या मागे रेलतात की हात सुटला तर दोघीही पाठीवर पडतील; दोघींचा मिळून गुरुत्वमध्य मात्र मधोमध, जोडलेल्या पावलांवरच राहतो. फिरण्याचा वेग दुप्पट झाला, की हातांवरची ओढ चौपट होते. म्हणून दमण्याआधी बोटेच सुटतात.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी पंढरीच्या ओढीने धावत सुटतात. त्याला धावा म्हणतात. मी सगळे विसरून धावले. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो, धावताना दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात, आणि टेकणारा पाय शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट धक्का घेतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आकसत नाही. तो ताणला जात असतानाच शरीराला आवरत असतो. असे आवरणे स्वस्त पडते. १९५२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या, तेव्हा पायडल मारणाऱ्यापेक्षा ते अडवणाऱ्याला कितीतरी कमी प्राणवायू लागला. म्हणूनच उतारावर धाप लागत नाही आणि माणूस फसतो. ताणल्या जाणाऱ्या तंतूंमध्ये बारीक इजा होतात आणि त्यांचे दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते. मी विद्यार्थ्यांना हे सांगत आले आहे, तरी भंडीशेगाव मागे टाकून वाखरीच्या तळावर पोहोचले तेव्हा मला खाली बसता येईना.

आजी ऐसपैस बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावले आणि डावा तळवा उघडून दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी पाण्याने तट्ट फुगलेला फोड होता. वरचे कातडे काठीला चिकटून राहते, आतले हाड दर पावलाला पुढे-मागे सरकते, मधल्या थरांची अशी हजारो वेळा ओढाताण झाली की ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. पावसात भिजलेल्या कातडीचे घर्षण वाढते, त्यामुळे हे आणखी लवकर होते. मी सुई उकळत्या पाण्यातून काढून फोडाच्या कडेला टोचली, पाणी निघू दिले आणि वरचे कातडे तसेच ठेवून स्वच्छ पट्टी बांधली. आजींनी उजवा तळवा त्याच्या शेजारी धरला. त्याच जागी तिथे पिवळट, टणक घट्टा होता, बोटाने वाजवला तर आवाज यावा इतका.

"ह्यालाबी पडंल पुढल्या वारीपातूर," त्या म्हणाल्या, आणि काठी डावीकडे ठेवून आडव्या झाल्या.