नाशकात भेटलेली शूर्पणखा

आत्याचा फोन गुरुवारी रात्री आला. "बाहुल्यांचं प्रदर्शन लागलंय गं इथे, रविवारपर्यंतच आहे. ये, मला एकटीला कंटाळा येतो." आत्याला एकटीला कशाचाच कंटाळा येत नाही. पण ती चाळीस वर्षं बालवाडीत जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करून मुलांना गोष्टी सांगत होती, तेव्हा बाहुल्यांच्या बाबतीत तिला नाही म्हणायची माझी टाप नाही. शुक्रवारी संध्याकाळी कल्याणला पंचवटी एक्सप्रेस पकडली. कसाऱ्याचा घाट अंधारात गेला. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की इगतपुरीला वडा मिळाला आणि तो गरम होता.

आत्या जुन्या नाशकात राहते, भद्रकालीच्या देवळापासून चार पावलांवर. सकाळी आधी मिसळ, मग प्रदर्शन, हा क्रम तिने ठरवलेला होता. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा माझ्या नाकातून अजून पाणी येत होतं.

दारातच राजस्थानी कठपुतळ्या टांगलेल्या होत्या. या सगळ्यांच्या ओळखीच्या, म्हणून लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जातात. आत्या मात्र थांबली आणि तिने सरळ एकीचा घागरा उचलून बघितला. "पाय नाहीतच हिला!" नसतातच. डोकं आणि धड लाकडाचं, बहुतेकदा आंब्याच्या, आणि खाली नुसता घोळदार घागरा. हात कापडात चिंध्या भरून केलेले. दोऱ्याही मोजक्याच असतात. नागौरकडचे भाट लोक एवढ्यावर घोडेस्वार, नर्तकी, अमरसिंह राठोडाचा अख्खा दरबार उभा करतात, आणि तोंडात बांबूची बारीक शिट्टी धरून बाहुलीला चिरका आवाज देतात. पाय नाहीत म्हणूनच ती इतकी गरगर फिरू शकते, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा शिरलं.

पुढचं टेबल पिंगुळीचं. इथे मला जरा भाव खाता आला, कारण कुडाळजवळचं पिंगुळी मी बघून आले आहे. तिथे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय उभं केलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या, तिन्ही तिथे एका छपराखाली आहेत. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेली सुटी पानं. एकेक पान समोर धरायचं आणि गात गात कथा सांगायची. गंगावण्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. मी हे सगळं आत्याला ऐकवत होते, तर ती म्हणाली, "माहितीय मला. पेपर वाचते मी."

एका कोपऱ्यात बोलक्या बाहुल्यांचे फोटो होते आणि पोरांची सगळी झुंबड तिथेच. रामदास पाध्यांनी बनवलेला तात्या विंचू 1993 चा, पण आजच्या पहिलीतल्या पोरालाही तो भूतकाळातला वाटत नाही. त्यांच्या वडिलांचे अर्धवटराव मात्र फक्त आत्यानेच ओळखले.

बाहुलीला जुन्या मराठीत सायखडं म्हणत. हे वाचल्यावर मला उगाच निफाडकडचं सायखेडा आठवलं. संबंध काही नसावा, पण आत्याने तो तिथल्या तिथे जोडून टाकला आणि शेजारच्या दोन बायकांना सांगूनही टाकला. आता तो नाशकात पसरेल.

खरं म्हणजे मला तक्रार करायची आहे ती आतल्या दालनाबद्दल. आंध्रच्या तोलुबोम्मलाटाच्या, म्हणजे पडद्यावर सावल्या नाचवायच्या खेळाच्या, बाहुल्या होत्या, चांगल्या चार-साडेचार फुटी. बकऱ्याचं कातडं साफ करून, तासून इतकं पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो. मग रंग, आणि दागिन्यांच्या जागी बारीक बारीक भोकं. खांदा, कोपर, मनगट असे सांधे दोऱ्याने बांधलेले, मधून उभी बांबूची चीप. आणि अशा बाहुल्या कुणीतरी पांढऱ्या भिंतीला चिकटवून वरून ट्यूबलाइट सोडली होती! जिचा जन्मच मागून उजेड पडण्यासाठी झाला, तिला भिंतीला टेकवलं की ती मळकट कातडं होऊन बसते. त्यातल्या एकीखाली चिठ्ठी होती, 'राक्षसी'. बस, एवढंच.

माझी कुरकुर बहुतेक जरा मोठ्याने झाली. तिथे बसलेला चित्रकलेचा एक विद्यार्थी उठून आला. "आजी, थांबा," असं तो आत्याला म्हणाला, मला नाही, हे बरं झालं. त्याने ती बाहुली खुंटीवरून काढली, टेबलावरची पांढरी चादर दोन खुर्च्यांवर ताणली, बाहुली मागून चादरीला टेकवली आणि माझ्याच मोबाइलचा टॉर्च लावला.

ट्यूबलाइटखाली तपकिरी दिसणारा लाल रंग एकदम पेटला. भोकाभोकांतून उजेड आला आणि गळ्यात ठुश्या, कमरपट्टा, सगळं उगवलं. पोराने मनगटाची काठी जराशी हलवली तर ती बया हात नाचवत ठुमकली.

"अगं, शूर्पणखा!" आत्या म्हणाली. "सजून आलीय बघ रामाकडे. नाक शाबूत आहे, म्हणजे लक्ष्मण अजून उठलेला नाही."

नाशिककरांना शूर्पणखेचं नाक म्हणजे घरचं प्रकरण. गावाचं नावच त्या नासिकेवरून पडलं असं इथलं पोरसुद्धा सांगतं. तो विद्यार्थी हसला आणि म्हणाला, "मग केरळच्या बाहुल्या बघाच."

त्या बाहुल्या पलीकडे होत्या, बिनरंगाच्या. पूर्वी हरणाच्या कातड्याच्या करत, आता बकऱ्याच्या. हा तोलपावकूत्तु नावाचा खेळ पालक्काड, त्रिशूर भागातल्या देवळांच्या आवारात खास बांधलेल्या मंडपात चालतो. पडद्यामागे ओळीने 21 दिवे, आणि कंब रामायणाची, म्हणजे तमिळ रामायणाची, कथा रात्रीमागून रात्री, कुठे सात, कुठे एकवीस. हे कलावंत म्हणजे पुलवर. त्यांच्यातल्या रामचंद्र पुलवरांनाही पद्मश्री मिळाली ती 2021 सालीच, गंगावण्यांबरोबर.

पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा खेळ करतात भद्रकालीच्या देवळात, आणि करतात तो भद्रकालीसाठी. राम-रावणाचं युद्ध चाललं होतं तेव्हा देवी दारिकासुराशी लढत होती, त्यामुळे तिचं ते बघायचं राहून गेलं. म्हणून दर वर्षी तिला ते दाखवायचं. समोर माणसं नसली तरी चालतं. मध्यरात्रीनंतर कित्येकदा समोर कुणीच नसतं, तरी पडद्यामागे पुलवर बोलत राहतात, वाद घालतात, बाण सोडतात. आणि बऱ्याच ठिकाणी कथा सुरू होते ती रामजन्मापासून नाही, तर पंचवटीपासून.

आत्या काही बोलली नाही, म्हणजे तिला लागलं होतं.

तिथून आम्ही रिक्षाने थेट पंचवटीत गेलो. काळाराम, मग सीतागुंफा. बाहेरच्या वडांना नंबर घातलेले आहेत, एक ते पाच. इतक्या वेळा येऊन ते नंबर मला नेहमी हास्यास्पद वाटायचे, जणू वड रोल नंबरने हजेरी देताहेत. या वेळी मी तीन नंबरखाली बराच वेळ उभी राहिले. गुंफेची रांग मोठी होती आणि वाकून रांगत जायला आत्याचे गुडघे तयार नव्हते, म्हणून गुंफा राहिली. त्याऐवजी ऊसाचा रस घेतला.

प्रदर्शनातून मी एक छोटी कठपुतळी घेतली होती. तिच्या दोऱ्यांचा रिक्षातच इतका गुंता झाला की घरी आत्याने चष्मा लावून, सुई घेऊन अर्धा तास तो सोडवला. सोडवून झाल्यावर तिला हवेत धरून एक गिरकी घ्यायला लावली आणि म्हणाली, "चल, दर्शनाला जाऊन येऊ."

भद्रकालीच्या देवळात संध्याकाळची गर्दी ओसरली होती. आत्याने हात जोडले, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पुटपुटत राहिली. बाहेर येऊन चपला घालताना मी विचारलं, काय मागितलंस एवढं?

"मागितलं कुठे? सांगत होते," ती म्हणाली. "शूर्पणखेपर्यंत सांगून झालंय. पुढचं उद्या."