एक फूट आणि पाच फूट

तुळशीचं लग्न झालं की नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या स्टुडिओत बायोडाटाच्या फोटोंची रीघ लागते. अशाच एका दुपारी नंदनवनहून मायलेकी आल्या. मुलगी पंचविशीतली, नोकरी करणारी. खुर्चीत बसण्याआधीच तिने मोबाईल पुढे केला. "काका, नाक बारीक करून द्याल ना? पाहा किती मोठं येते."

मोबाईलमध्ये तिचेच सेल्फी होते, एकसारखे, ओळीने. आई म्हणाली, "भाऊ, ही ऑपरेशनचं घेऊन बसली आहे. घरात आजवर हिच्या नाकाबद्दल कोणी शब्द काढला नाही."

कॉम्प्युटरवर नाक बारीक करायला पाच मिनिटं लागतात. पण ज्या नाकात काही खोट नाही, ते कापून द्यायची माझी तयारी नव्हती. आधी तिचाच मोबाईल घेतला. पुढच्या कॅमेऱ्याने नाकापासून बारा इंचांवरून एक फोटो काढला. मग पाच फुटांपर्यंत मागे सरकून मागच्या कॅमेऱ्याने, चेहरा तेवढाच मोठा दिसेल इतका झूम करून, दुसरा. खुर्ची, दिवे, मानेचा कोन, सगळं तेच ठेवलं. झूममुळे फोटो थोडा फुटला, पण चेहऱ्याची ठेवण ताडायला तेवढा पुरतो. दोन्ही ४ बाय ६ मध्ये छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

पहिल्यात नाक पुढे आलेलं, गाल आत गेलेले, कान जवळजवळ गायब. दुसऱ्यात साधं, बेताचं नाक.

याचं गणित सोपं आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान अंदाजे पाच इंच मागे असतात. मोबाईल शेंड्यापासून बारा इंचांवर असला तर कान सतरा इंचांवर. म्हणजे नाकाच्या मानाने कान जेमतेम सत्तर टक्के आकाराचे उमटतात. पाच फुटांवर हाच हिशेब साठ आणि पासष्ट इंचांचा होतो, फरक आठ टक्क्यांच्या आत येतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांनी 2018 मध्ये हे गणिताने मांडून छापलं होतं: बारा इंचांवरच्या सेल्फीत नाकाचा पाया सुमारे 30 टक्के रुंद भासतो, पाच फुटांवर ही वाढ नगण्य होते. पुष्कळ लोक लेन्सला दोष देतात. चेहऱ्याचं हे प्रमाण लेन्स नाही, अंतर ठरवतं. महागडा कॅमेरा घेऊन फुटावर उभे राहिलात तरी नाक फुगणारच. (ग्रुप सेल्फीत कडेचा माणूस रुंद दिसतो, ते मात्र वाइड लेन्सचं काम. तिथे ज्याला त्रास होतो त्याला मधे उभं करावं.)

मुलीने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "पण यातही चेहरा वाकडा वाटते." आई लगेच, "वाकडा कुठं? अशीच तर दिसते तू!" दोघींचं खरं होतं. मुलगी रोज स्वतःला आरशात आणि सेल्फीच्या पडद्यावर उलटं पाहते; भांग तिला आरशात उजवीकडे दिसतो, समोरच्याला तोच डावीकडे दिसतो. आई तिला जन्मापासून सुलटं पाहत आली आहे. 1977 मध्ये अमेरिकेत हा प्रयोग झाला होता: बायकांना स्वतःचा आरशातला फोटो जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना आणि जोडीदारांना सरळ फोटो. जे डोळ्यांच्या सवयीचं, ते सुंदर वाटतं.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेलो. ब्युटी मोडची पट्टी निम्म्याच्या वर होती. तिला माहीतही नव्हतं. काही फोनमध्ये ती पहिल्यापासून चालू येते. मला सगळ्यात जास्त ते लागलं. फोन तिची त्वचा गुळगुळीत करत होता, डाग पुसत होता आणि त्याच फोटोत जवळच्या अंतराने नाक फुगवत होता. बाकी सगळं निर्दोष झालं की उरलेली एकच गोष्ट दोषासारखी डोळ्यांत खुपते. त्यात ती फोटो टाकायची, लाइक कमी पडले की काढून टाकायची आणि कारण नाकात शोधायची. लाइक नाकामुळे कमी पडले, उजेडामुळे की वेळेमुळे, हे आकडा सांगू शकत नाही. इन्स्टाग्रामवर हे आकडे लपवायची सोय मे 2021 पासून आहे. ती तिथेच चालू करून दिली.

ज्या अंतरावरून तिला ओळखीचं कोणीही पाहत नाही, त्या अंतरावरून ती दिवसभर स्वतःला पाहत होती. ऑफिसात टेबलापलीकडून, लग्नात खुर्चीवरून, स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत, माणसं एकमेकांना तीन-पाच फुटांवरून पाहतात. त्या अंतरावर मोबाईल धरायला हात पुरत नाही. दुसरा माणूस लागतो.

बायोडाटाचा फोटो मी 85 मिमी लेन्सने, सहा फुटांवरून, डाव्या बाजूच्या सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे पांढऱ्या कापडाआडच्या दिव्याच्या, मऊ उजेडात काढला. नाकाला हात लावला नाही. केसांची एक उडालेली बट तेवढी साफ केली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं.

"मग डीपीला कोणता ठेवू?" तिने विचारलं. मी मोबाईल आईच्या हातात दिला. खिडकीसमोर मुलगी, पाच फुटांवर आई. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघांची ग्रिड चालू, दोन पट झूम, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, ब्युटी शून्यावर. पहिल्या फोटोत कपाळ कापलं गेलं, दुसरा हलला. "आई, दोन्ही हातांनी धर ना," असं मुलगी हसत म्हणाली, तेवढ्यात आईचं बोट बटणावर पडलं. तोच फोटो तिने ठेवला.