तुम्ही विचारलंत म्हणून: पॉटलकचं मलईदार जेलो सॅलड

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार येतो, थँक्सगिव्हिंग जवळ आलं की जरा जास्तच. ऑफिसच्या किंवा शेजाऱ्यांच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, फिकट हिरवं, दुधाळ, अननसाचे बारीक तुकडे असलेलं सॅलड खाल्लेलं असतं. ते जेलोचं, म्हणजे पाकिटातल्या गोड, स्वादाच्या जिलेटिन पावडरीच्या जेलीचं असतं. आवडलेलं असतं, म्हणून घरी करून बघितलेलं असतं. आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही ट्रेमध्ये सरबतच उरलेलं असतं. ‘नेमकं काय चुकलं, आणि वीस-पंचवीस माणसांसाठी हे खात्रीने कसं करायचं?’

काय चुकलं, हे बहुतेक वेळा एकाच उलट प्रश्नात कळतं: अननस ताजा होता का? ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनांचे तुकडे करतं. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, त्यामुळे जेली धरणारी जाळीच बनत नाही. मटण मऊ करायला आपण कच्ची पपई चोळतो, त्यामागेही हेच आहे. तिथे पपईतलं पपेन हे विकर काम करतं. पपई, किवी, अंजीर, पेरू आणि आलं हीसुद्धा ताजी असतील तर जिलेटिनमध्ये चालत नाहीत. गोठवून हा गुण जात नाही, म्हणून फ्रोझन अननसही नको. उष्णतेने मात्र जातो. डबाबंद अननस प्रक्रियेतच तापवलेला असतो, त्यामुळे तो निर्धास्त वापरा. ताजाच वापरायचा असेल तर बारीक चिरून त्याच्याच रसात पाच मिनिटं चांगली उकळी येऊ द्या आणि पूर्ण गार करा. एवढी खटपट करून चवीत मोठा फरक पडत नाही. या पदार्थापुरता डबाच बरा.

आता प्रमाण. हे नऊ बाय तेरा इंचांच्या काचेच्या ट्रेचं आहे, त्यात चोवीस चौकोनी तुकडे होतात. कप म्हणजे अमेरिकन, २४० मिलीचा. लाइम जेलोचं मोठं, १७० ग्रॅमचं पाकीट एक (किंवा ८५ ग्रॅमची छोटी दोन), उकळतं पाणी दोन कप, क्रीम चीज २२६ ग्रॅम, स्वतःच्या रसातल्या क्रश्ड अननसाचा ५६७ ग्रॅमचा डबा, कूल व्हिपचा (फेटलेल्या क्रीमसारखं तयार, गोठवलेलं टॉपिंग) २२६ ग्रॅमचा डबा, पाव चमचा मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि अर्धा कप भाजलेले पेकन किंवा अक्रोड. साखर अजिबात नको, पाकिटात ती भरपूर असते. मीठ आणि लिंबू मात्र वगळू नका. घरी केलेलं सॅलड नुसतं गोड लागतं अशी तक्रार असते, ती या दोन गोष्टींनी मिटते.

क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढून ठेवा आणि कूल व्हिप आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा. मायक्रोवेव्हमध्ये सैल केलेलं कूल व्हिप बसतं आणि पुन्हा फुलत नाही. अननस चाळणीत ओतून चमच्याच्या पाठीने नीट दाबा. जो रस निघेल तो कपाने मोजा, त्यात गार पाणी घालून एकूण एक कप भरा आणि बाजूला ठेवा. तुकड्यांत राहिलेला रस हिशेबाबाहेरचा असतो, जेली सैल पडते ती त्याच्यामुळे. डबाबंद संत्र्याच्या फोडी घालणार असाल तर त्याही अशाच निथळून घ्या.

पाणी खळखळून उकळू द्या, गॅसवरून उतरवा, पावडर घाला आणि घड्याळ लावून दोन मिनिटं पूर्ण ढवळा. पावडर लगेच विरघळल्यासारखी दिसते, पण न विरघळलेले कण तळाशी बसतात आणि दुसऱ्या दिवशी खाली रबरासारखा थर सापडतो. चमच्याच्या पाठीवर बघा. एकही कण दिसला तर आणखी ढवळा. पावडर घातल्यावर मिश्रण गॅसवर उकळत मात्र ठेवायचं नाही, त्याने जिलेटिनची ताकद कमी होते.

क्रीम चीज दुसऱ्या भांड्यात एकटंच फेटा, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. मग गरम जेली पाव पाव कप घालत फेटत जा, पहिले चार-पाच वेळा तरी. एकदम ओतली तर पांढऱ्या गुठळ्या तरंगतात आणि नंतर कितीही फेटलं तरी मोडत नाहीत. अशा झाल्याच, तर मिश्रण गरम असतानाच चाळणीतून गाळा आणि वर राहिलेलं चीज चमच्याने दाबून खाली काढा. त्यानंतर बाजूला ठेवलेला कपभर रस, लिंबू आणि मीठ घाला.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच चुकते. मिश्रण गार होऊन थोडं आळेपर्यंत त्यात फळ किंवा कूल व्हिप घालायचं नाही. फ्रिजमध्ये याला पाऊण ते सव्वा तास लागतो. बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून सतत ढवळलं तर दहा-पंधरा मिनिटांत होतं, पण कडा आधी धरतात, म्हणून तिथून हलायचं नाही. गार होत आलेल्या खळीसारखं दिसलं पाहिजे: चमचा फिरवला की माग राहतो आणि हळूहळू बुजतो. त्याआधी घाई केली तर अननस तळाशी जातो, क्रीम वर येतं आणि मध्ये हिरव्या पाण्याचा थर राहतो. उशीर झाला तर जेलीचे गोळे होतात आणि क्रीम त्यांच्याभोवती फिरत राहतं. उशीर झालाय असं वाटलं आणि क्रीम अजून घातलेलं नसेल, तर भांडं कोमट पाण्यात धरून ढवळा. जिलेटिन सैल होतं, मग पुन्हा गार करून योग्य क्षण पकडता येतो. क्रीम घातल्यावर ही सोय उरत नाही.

माग राहू लागला की अननस आणि निम्मे पेकन घाला. मग कूल व्हिप दोन-तीन वेळा, खालून वर उचलत मिसळा, फेटू नका. कूल व्हिपऐवजी ताजं क्रीमही चालतं, चवीला मला तेच आवडतं. एक कप थंडगार हेवी क्रीम मऊ शिखरं येतील इतपतच फेटा. त्यापुढे फेटलं तर लोण्याचे कण होतात आणि सॅलड दाणेदार लागतं. मात्र बाहेर टेबलावर जास्त वेळ राहणार असेल तर कूल व्हिप जास्त टिकतं.

ट्रेमध्ये ओतून झाका आणि किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवा. उरलेले पेकन वाढायच्या वेळीच वर टाका, आधी टाकले तर ओलसर होतात. पन्नास माणसं असतील तर एका खोल भांड्यात दुप्पट करण्यापेक्षा दोन ट्रे करा. खोल भांड्यात मधला भाग धरायला फार वेळ घेतो. साच्यात करून उलटायचं असेल तर रसाचं प्रमाण एका कपावरून अर्ध्या कपावर आणा. काढताना साचा दहा-पंधरा सेकंद कोमट पाण्यात धरा, आणि ताटलीवर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे सॅलड वाकडं पडलं तरी सरकवता येतं.

जिलेटिन शरीराच्या उष्णतेच्याही आधी वितळतं. तोंडात ते छान विरघळतं ते म्हणूनच, आणि जुलैच्या उन्हात पार्कमधल्या टेबलावर ते टिकत नाही तेही म्हणूनच. उन्हाळी सहलीला ट्रेखाली बर्फाचा दुसरा ट्रे ठेवा. क्रीम असल्यामुळे बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि हवा ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एकच तास. फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका, उतरवल्यावर पाणी सुटतं.

हे सॅलड जिथलं आहे तिथे, म्हणजे मिडवेस्टमध्ये (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात) आणि युटा राज्यात, चर्चच्या जेवणापासून अंत्यविधीनंतरच्या जेवणापर्यंत सगळीकडे असतं. जेलो पहिल्यांदा १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेरॉय गावात तयार झालं. लाइमचा स्वाद १९३० मध्ये आला आणि सॅलडसाठी लोकांनी तोच उचलला, कारण त्याचा आंबटपणा चीजला आणि क्रीमला तोलतो. युटाने तर २००१ मध्ये जेलो हा राज्याचा अधिकृत खाऊ ठरवला. तिथे ते जेवणाबरोबर, त्याच ताटात वाढतात, गोड म्हणून शेवटी नाही. पॉटलकला नेताना ट्रे कोणत्या टेबलावर ठेवायचा हा प्रश्न पडला, तर म्हणूनच इतर सॅलडांजवळ.

आपल्या मंडळींसाठी करताना मात्र एक गोष्ट आधी बघा. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात, आणि अमेरिकेत पाकिटावर हिरवा ठिपका नसतो. ‘कोशर’ लिहिलं म्हणजे शाकाहारी, असंही नाही. ते जिलेटिन माशाचं किंवा गाईचं असू शकतं. सॅलडमध्ये घालतात त्या छोट्या मार्शमॅलोंतही जिलेटिन असतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला हे नेलंत तर ट्रेवर ठळक चिठ्ठी लावा. कुणाच्या ताटात ते नकळत जाता कामा नये.

शाकाहारी ट्रे करायचा तर आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. पण वरच्या कृतीत नुसती अदलाबदल करून जमत नाही. आगर ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे कोमट असतानाच धरतं. त्यामुळे ते आळायची वाट बघत थांबलात किंवा त्यात फ्रिजमधलं क्रीम ओतलंत, की लगेच गाठी. इथे सगळं कोमट ठेवून झटपट मिसळायचं असतं. आठ ग्रॅम आगर पावडर काट्यावर मोजा. चमच्याने नको, कारण प्रत्येक कंपनीची पावडर कमी-जास्त हलकी असते. दोन कप गार पाण्यात ती कालवा, उकळी आणा आणि ढवळत पाच मिनिटं मंद उकळा. दुसरीकडे ८५० ग्रॅमचा आमरसाचा डबा, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि घरच्या तापमानाचा एक कप चक्का एकजीव फेटा. हे भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा, नुसतं हाताला ऊब लागेल इतपतच. जास्त तापलं तर चक्का फुटतो. मग गरम आगर धारेने घालत ढवळा आणि लगेच ट्रेमध्ये ओता. गार स्टीलच्या ताटलीवर चमचाभर टाकून बघा: तीन-चार मिनिटांत थरथरत उभं राहिलं तर प्रमाण बरोबर. नाही राहिलं तर दोन ग्रॅम आगर थोड्या पाण्यात वेगळं उकळून त्यात घाला.

आगर प्रथिन नाही, त्यामुळे यात ताजी किवी, पपई किंवा अननस खुशाल चालतात. आंबट रस मात्र आगरबरोबर उकळायचा नाही, गॅस बंद केल्यावर घालायचा. आणि भारतातून आणलेले हिरव्या ठिपक्याचे जेली क्रिस्टल वापरणार असाल, तर पाणी किती आणि किती उकळायचं हे त्याच पाकिटावर वाचा. त्यात बहुधा समुद्री शेवाळापासून केलेलं कॅराजीनन असतं आणि तेही फ्रिजबाहेरच धरू लागतं. म्हणून त्यालाही कूल व्हिप नको, कोमट कंडेन्स्ड मिल्क द्या.