पेरिशर-थ्रेडबो लिफ्टवही: दोन गेल्या, एक आली

मागच्या नोंदीनंतर ऑस्ट्रेलियातल्या स्की-लिफ्टच्या माझ्या वहीची बरीच पानं भरली आणि त्यातली निम्मी एकट्या माउंट पेरिशरने खाल्ली. तिथली जुनी टू-सीटर आणि थ्री-सीटर चेअरलिफ्ट काढायच्या आणि दोघींच्या जागी एकच सिक्स-सीटर हायस्पीड लिफ्ट उभी करायची, हा पेरिशरची मालक कंपनी व्हेल रिसॉर्ट्सने २०२५च्या हंगामासाठी ठरवलेला बदल. स्कीवाले खूश आहेत. मीही आहे, पण पूर्ण नाही. का, ते पुढे येतंच.

आधी थोडी ओळख, कारण या वेळी वहीला नवे भिडूही मिळालेत. पेरिशर न्यू साउथ वेल्सच्या कॉझिऑस्को राष्ट्रीय उद्यानात आहे. पेरिशर व्हॅली, स्मिगिन होल्स, ब्लू काऊ आणि गथेगा अशा चार ठिकाणांची ही मोट. १९९५मध्ये ती बांधली गेली आणि २०१५मध्ये अमेरिकेतल्या व्हेलने १७ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून ती विकत घेतली. चाळीसहून जास्त लिफ्ट, १,२४५ हेक्टर. दक्षिण गोलार्धात याहून मोठं स्की रिसॉर्ट नाही. आपल्यासारख्यांना तिथे रमायला होतं ते मात्र आकारामुळे नव्हे, तर लिफ्टच्या सगळ्या पिढ्या एकाच आवारात नांदतात म्हणून. एकीकडे ढुंगणाखाली दांडा घेऊन बर्फावरून ओढत नेणारा टी-बार, दुसरीकडे २००३ची व्हिलेज एट, म्हणजे आठ जणांना शेजारी शेजारी बसवून नेणारी ऑस्ट्रेलियातली पहिली चेअरलिफ्ट. लाइकहार्टची क्वाड, म्हणजे चौघांच्या खुर्च्यांची लिफ्ट, तर अगदी अलीकडची, २०१९ची.

आता सिक्स-सीटरचा हिशेब. हायस्पीड म्हटलं की ताशी जास्त माणसं वर जाणार असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. ताशी किती माणसं जातील हे दोराच्या वेगावर नाही, तर खुर्ची किती सेकंदांनी समोर येते आणि तिच्यात किती जण बसतात यावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये, म्हणजे फिक्स्ड ग्रिपमध्ये, खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. चढणाऱ्याच्या पोटरीवर ती दोराच्याच वेगाने आदळणार, म्हणून दोर सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या पुढे नेता येत नाही. पण खुर्च्या जवळजवळ टांगता येतात. दर सहा सेकंदांनी एक खुर्ची धरा: टू-सीटर ताशी १,२०० नेणार, थ्री-सीटर १,८००. दोघी मिळून ३,०००. आता सिक्स-सीटरची खुर्ची नऊ सेकंदांनी आली, तर ताशी २,४००. साडेसात सेकंदांवर आणली, तर २,८८०. दोर दुप्पट वेगाने धावला तरी खुर्च्याही तितक्याच लांब लांब टांगाव्या लागतात, त्यामुळे वेगाचा फायदा प्रवासाच्या वेळेत दिसतो, रांगेत नाही.

हे आकडे कागदावरचे आहेत, माउंट पेरिशरचे नाहीत. पद्धत कळावी म्हणून मांडले. प्रत्यक्षात जुन्या लिफ्ट पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतात. कुणीतरी चढताना पडतो, लिफ्ट थांबते. एकटादुकटा माणूस अख्खी खुर्ची अडवून जातो. तेव्हा एक नवी सिक्स-सीटर दोन जुन्यांइतकं, कदाचित जास्तही काम करेल. माझी रुखरुख वेगळी आहे. दोन लिफ्ट असल्या की एक बिघडली तरी दुसरी चालते. आता एकच दोर, एकच मोटर. शिवाय पूर्वी रांगेत आणि खुर्चीत जाणारा वेळ आता उतारावर जाणार, म्हणजे तीच माणसं त्याच बर्फावर एका वेळी जास्त संख्येने. लिफ्ट बदलली की गर्दी नाहीशी होत नाही, जागा बदलते. रांगेतून उठून ती पिस्टवर, म्हणजे घसरायच्या उतारावर, जाते.

हायस्पीड लिफ्टची खरी करामत बघायची तर खालच्या स्टेशनाच्या कडेला उभं राहावं. व्हिलेज एटच्या बाजूला मी तेवढ्यासाठी बरेचदा रेंगाळते. उतरतीची रिकामी खुर्ची दोरासोबत सुसाट आत येते. ग्रिपची दांडी एका रुळावर चढते, स्प्रिंग दाबली जाते, जबडा उघडतो आणि खुर्ची दोरापासून सुटते. आवाज होतो तो फक्त एक बोथट ‘खट्ट’. मग वर ओळीने लावलेली रबरी चाकं तिला धरतात. प्रत्येक चाक आधीच्यापेक्षा जरा सावकाश फिरतं, त्यामुळे खुर्ची काही मीटरच्या आत माणसाच्या चालीवर येते. वळण घेताना लिफ्टी, म्हणजे लिफ्टवरचा कामगार, झाडूच्या एका फटक्यात सीटवरचा बर्फ उडवतो. माणसं बसतात, आणि पुढची चाकं उलट्या क्रमाने तिला पळवायला लागतात. दोराच्या वेगाशी वेग जुळला की जबडा मिटतो. इथेच यंत्रणा ग्रिपची पकड तपासते आणि काही कमीजास्त वाटलं तर अख्खी लिफ्ट थांबते. लोकांना वाटतं, वर कुणी पडलं असेल. पुष्कळदा कुणीही पडलेलं नसतं.

आई नाशिकहून आली होती, तेव्हा तिला उन्हाळ्यात थ्रेडबोच्या, म्हणजे याच उद्यानातल्या दुसऱ्या स्की रिसॉर्टच्या, कॉझिऑस्को एक्सप्रेसने वर नेलं. ही क्वाड बारमाही चालते. तिला सवय सप्तशृंगीच्या ट्रॉलीची: डबा थांबतो, दार उघडतं, बसायचं. इथे खुर्ची समोर आली तरी सरकतेच आहे म्हटल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला. “अगं, ही थांबत नाही का गं?” मी म्हटलं, थांबत नाही, पण हळू होते. बसल्यावर मात्र वर पोहोचेपर्यंत एकच प्रश्न चालू होता, की मग दोर का हळू होत नाही. डिटॅचेबल, म्हणजे खुर्ची दोरापासून सुटणाऱ्या, लिफ्टचं मर्म पहिल्याच फेरीत विचारणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

थ्रेडबोबद्दल लिहायचं तर मेरिट्स गोंडोला आधी घ्यायला हवा. २०२०च्या हिवाळ्यात तो सुरू झाला, नेमका कोविडच्या निर्बंधांच्या हंगामात, त्यामुळे कौतुक व्हायला हवं तेवढं तेव्हा झालं नाही. आठ जणांच्या बंद केबिनांचा, ऑस्ट्रेलियातल्या स्की रिसॉर्टमधला हा पहिला असा गोंडोला. त्याआधी तिथे मेरिट्सची टू-सीटर होती. वर जायला २१ मिनिटं. थंडीत, उघड्यावर, मांडीवर बर्फ साठवत. गोंडोला ६ मिनिटांत पोहोचवतो. वेळ वाचला हा एक भाग, पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा: स्की न करणारी माणसं, लहान मुलं, सासूसासरे यांना बूट-स्कीशिवाय वर जाता येतं आणि खालीही येता येतं. उन्हाळ्यात त्याच केबिनांतून माउंटन बाइक वर जातात. ज्या देशात बर्फाचा हंगाम जूनच्या लाँग वीकेंडपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, तिथे एवढा खर्च फक्त चार महिन्यांच्या जिवावर निघत नाही.

मग टी-बार अजून का टिकून आहेत? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि वहीतला माझा आवडता कोपरा तोच. थ्रेडबोच्या माथ्यावर कारेल्स टी-बार आहे. त्याचं वरचं टोक २,०३७ मीटरवर, ऑस्ट्रेलियात लिफ्टने गाठता येणारी सर्वांत उंच जागा. स्नोगमची झाडं साधारण १,८५० मीटरच्या आसपास संपतात. त्याच्या वर आडोसा म्हणून काही नाही. पश्चिमेकडून येणारं वारं थेट अंगावर. अशा वाऱ्यात चेअरलिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या झोके घेऊ लागतात, खांबावर आपटण्याचा किंवा दोर पुलीवरून उतरण्याचा धोका असतो, म्हणून ती बंद करतात. टी-बारवर माणूस जमिनीवर उभा असतो आणि हवेत लटकतो तो एक दांडा. त्यामुळे खालच्या दिमाखदार एक्सप्रेस बंद आणि वरचा म्हातारा टी-बार चालू, हे दृश्य तिथे नवीन नाही.

पण टी-बारचीही एक दुखरी नस आहे. त्याला खालपासून वरपर्यंत सलग बर्फाची वाट लागते. मध्ये एक ओढा उघडा पडला, एक खडक वर आला की संपलं. चेअरलिफ्टला दोन टोकांना बर्फ असला की पुरतो, मधल्या खडकांवरून ती खुशाल तरंगत जाते. ऑस्ट्रेलियाचा बर्फ किती लहरी आहे हे बघायला याच डोंगरातल्या स्पेन्सर्स क्रीकचे आकडे आहेत. स्नोई या जलविद्युत योजनेची माणसं १९५४पासून तिथे हिवाळ्यात दर आठवड्याला बर्फाची खोली मोजतात. १९८१मध्ये ती ३६१ सेंटिमीटरवर गेली, २००६च्या हंगामात ८५च्या आसपासच अडकली. म्हणजे एका वर्षी टी-बारचं राज्य, दुसऱ्या वर्षी चेअरलिफ्टचं. इथे लिफ्ट बदलताना खरा प्रश्न वेगाचा नसतोच. वाऱ्याला घाबरायचं की कमी बर्फाला, हे ठरवायचं असतं. माउंट पेरिशरसारख्या दोन हजार मीटरच्या वरच्या माथ्याला या बाबतीत झाडांची मदत नाही, म्हणून नव्या सिक्स-सीटरची परीक्षा माझ्या मते गजबजलेल्या शनिवारी नसून वाऱ्याच्या मंगळवारी आहे. नवी खुर्ची जड असते, हे तिच्या बाजूने. सहा जणांची रिकामी खुर्ची वाऱ्याला जास्त पृष्ठभाग देते, हे विरुद्ध.

वाऱ्याला कमी लेखल्याचं उदाहरण याच डोंगरात आहे. १९६४मध्ये थ्रेडबोच्या दरीतून रॅम्सहेड रांग ओलांडून थेट शार्लट पास या स्की-वस्तीपर्यंत चेअरलिफ्ट उभी केली गेली. तेव्हा तिची जाहिरात जगातली सर्वांत लांब चेअरलिफ्ट अशी होती. कल्पना सुरेख होती, कारण शार्लट पासला हिवाळ्यात आजही बर्फावरच्या वाहनांनीच जावं लागतं. पण लिफ्टची वाट गेली नेमकी उघड्या माथ्यावरून. वारा, खांबांवर साठणारा बर्फ, मध्येच अडकलेले गारठलेले प्रवासी... जेमतेम दोन हिवाळ्यांत गाशा गुंडाळला. याच शार्लट पासला २९ जून १९९४ रोजी उणे २३ अंश नोंदले गेले, ऑस्ट्रेलियातलं आजवरचं सर्वांत कमी तापमान. तिथे उघड्या खुर्चीत अर्धवट वाटेत अडकायचं म्हणजे काय, याचा विचार आरेखन करणाऱ्यांनी केलाच असेल, पण वाऱ्याने त्याहून जास्त केला. पुढे याच भागात स्कीट्यूब आली तेव्हा मंडळींनी वाऱ्याशी भांडण मिटवूनच टाकलं: १९८७पासून बुलॉक्स फ्लॅटहून पेरिशरला आणि वर्षभराने ब्लू काऊपर्यंत दातेरी रुळावरची गाडी, बरीचशी बोगद्यातून. ती लिफ्ट नाही, पण माझ्या वहीत तिला पान आहे.

बांधकामाबद्दल थोडक्यात. इथल्या कामाला खिडकी लहान: ऑक्टोबरमध्ये हंगाम संपला की सुरुवात आणि पुढच्या मेपर्यंत आवराआवर. रिसॉर्ट राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने चालतात, त्यामुळे रस्ता काढून क्रेन नेणं सगळीकडे चालत नाही. खांब हेलिकॉप्टरने आणून बोल्टांवर उतरवतात. परवानगीच्या कागदांत एक छोटा प्राणी कायम डोकावतो, तो म्हणजे माउंटन पिग्मी पॉसम. जेमतेम ४५ ग्रॅमचा जीव, दगडांच्या ढिगाऱ्यात राहतो आणि हिवाळा बर्फाखाली झोपून काढतो. तो फक्त जीवाश्मांतून माहीत होता. १९६६मध्ये व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमच्या एका स्की लॉजमध्ये चक्क जिवंत सापडला. पुढे तिथे रस्त्याखालून त्याच्यासाठी दगडांचा बोगदा केला, नर-माद्यांची गाठ पडावी म्हणून. लोकांनी त्याचं नाव ठेवलं टनेल ऑफ लव्ह. तेव्हा खांब दोन मीटर इकडे का सरकला असं नकाशावर दिसलं, तर आधी दगडांचा ढीग शोधा, भूगर्भशास्त्र नंतर.

वहीची सद्यस्थिती: पेरिशरचा पिढीवार नकाशा तयार आहे. टी-बार निळे, फिक्स्ड ग्रिप हिरव्या, डिटॅचेबल लाल. माउंट पेरिशरवरच्या दोन हिरव्या रेघा खोडून एक लाल ओढली. खोडलेल्या रेघा मुद्दाम पुसट दिसू दिल्यात. थ्रेडबोचा नकाशा अर्धा आहे. वाऱ्याच्या नोंदी सगळ्यांत कच्च्या. कुणी पेरिशरला जाणार असेल तर एवढंच करा: सकाळी लिफ्ट बंद-चालूची पाटी बघाल तेव्हा वेळ, वाऱ्याचा अंदाजे जोर आणि त्या क्षणी कोणते टी-बार चालू होते हे लिहून ठेवा. फोटो नसला तरी चालेल.

उन्हाळ्याचा बेत १९६४च्या लिफ्टचा आहे. शार्लट पासच्या बाजूने स्टिलवेलच्या कड्यापर्यंत चालत जाऊन तिच्या खांबांचे काँक्रीटचे पाये शोधायचे आणि जुन्या नकाशावरची रेघ त्यांच्यावर बसते का ते पाहायचं. सोबत यायचं असेल त्यांनी बूट चांगले घ्या आणि वारारोधक जाकीट विसरू नका, जानेवारी असला तरी.